यंत्र आणि शिवार (लेखांक ७) : झाकण उघडण्याआधी

इंजिन ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं असं नाही, हे मागच्या आठवड्यात पाहिलं. डिझेलच्या काजळीने ते काही तासांतच काळं होतं. बदलायचं ते अवर मीटर बघून. हायड्रॉलिक तेलाची तऱ्हा उलटी. ते दिसायला नितळ असतं आणि तरीही पंप खात असतं. या तेलाच्या जोरावर चालणारं यंत्र म्हणजे लोडर. आपल्या मंठ्यात लोडर म्हटलं की पिवळा जेसीबीच डोळ्यांसमोर येतो. गोठ्यात किंवा जिनिंगच्या आवारात जागच्या जागी वळणारा स्किड लोडर हा त्याचा धाकटा भाऊ. अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्याची शेड साफ करायला असा पहिला लोडर बनवला. आजच्या स्किड लोडरची बूमच काय, चाकंही तेलाच्या दाबावर फिरतात. तेल बिघडलं की हातपाय दोन्ही जातात.

म्हणून हे तेल मालकाने स्वतः तपासावं आणि स्वतःच भरावं, असं माझं मत आहे. मजुरी वाचते हे त्याचं कारण नव्हे. कारण आहे फुफाटा. पंपातल्या आणि व्हॉल्व्हमधल्या फटी काही मायक्रॉनच्या, तर माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे जो कण नुकसान करतो तो दिसतच नाही. उन्हाळ्यात तलावातला गाळ उपसून वावरात टाकायची कामं चालतात (२०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने ती वाढवली), तेव्हा टाकीच्या झाकणाभोवती धूळ आणि तेलाचा चिकट थर बसतो. झाकण तसंच फिरवलं की त्यातलं चिमूटभर आत पडतं. आधी सुती धागे न सुटणारं फडकं फिरवणं, फनेल धुऊन कोरडं ठेवणं, डबा उघडा न सोडणं ही दहा मिनिटं घाईतला मेकॅनिक देत नाही; त्याच्या दारात चार यंत्रं उभी असतात. पातळी बघताना यंत्र सपाट जागी आणि बूम-बकेट खाली हवी. बूम वर असताना बरंचसं तेल सिलिंडरमध्ये असतं, टाकी रिकामी भासते, माणूस भरत जातो आणि बूम उतरली की तेल उतू जातं.

वॉरंटी जाईल, ही हरकत रास्त आहे. वॉरंटीत असेपर्यंत तेल-फिल्टर बदलणं अधिकृत ठिकाणीच करावं. रोजची पातळी आणि झाकणाची स्वच्छता मात्र कुणीही रोखत नाही. घरच्या कामात धोका आहे, हेही खरं. आधार न लावता उचललेल्या बूमखाली जाऊच नये. नळीची गळती बोटाने चाचपू नये. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाने येणारं तेल कातडी भेदून आत शिरतं आणि वरून फक्त ठिपका दिसतो. इंजिन बंद ठेवून, लिव्हर हलवून दाब उतरवावा. चालू यंत्रात गळती शोधायचीच तर लांबून पुठ्ठा धरावा. राहिलं जुनं तेल. लाकडाला वाळवी लागू नये म्हणून जळकं ऑइल फासायची आपली जुनी सवय, पण २०१६ च्या नियमांत ते घातक कचऱ्यात मोडतं. बांधावर किंवा विहिरीजवळ न ओतता झाकणाच्या कॅनमध्ये साठवून ते परवानाधारक घेणाऱ्याकडेच द्यावं. पुढच्या आठवड्यात रेडिएटर, आणि बोअरच्या जड पाण्याने त्यात बसणारा थर.