भीतीचे अक्षर

भयकथेचे पुस्तक लांबूनच ओळखू येते ते बरेचदा अक्षरामुळे. टोकदार, काळीकुट्ट, टवके उडालेली अक्षरे दिसली, की आत काय असणार ते शीर्षक वाचण्याआधीच कळते. या वळणाला 'गॉथिक' म्हणतात.

मुळात या वळणाचा भीतीशी संबंध नव्हता. बाराव्या शतकापासून युरोपातले लेखनिक रुंद टाकाने असे दाट, कोनदार अक्षर लिहीत. कमी जागेत जास्त मजकूर मावे. गटेनबर्गने १४५५च्या सुमारास बायबल छापले तेही याच वळणात. 'गॉथिक', म्हणजे रानटी, हे नाव इटलीतल्या विद्वानांनी हिणवून दिले. पुढे १७६४मध्ये होरेस वॉलपोलने 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही भयकादंबरी काढली. ती जुनी वाटावी म्हणून प्रस्तावनेत त्याने थाप मारली, की मूळ पुस्तक १५२९ साली नेपल्सला याच काळ्या टायपात छापलेले आहे. तोवर इंग्लंडमध्ये ते वळण रोजच्या वाचनातून गेले होते, म्हणूनच ते गूढ वाटले. जर्मनीत मात्र १९४१पर्यंत मुलांची पुस्तकेही त्यात निघत आणि कोणी दचकत नसे. वाचायची सवय सुटली, की अक्षरात भुते राहायला येतात.

देवनागरीत हा घाट आणताना अडचण शिरोरेषेची. रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभे राहते, आपले वरच्या रेषेला लोंबते. त्यामुळे रक्ताचे ओघळ काढायला ती रेघ सोयीची. पण झिजवायला गेले तर धोक्याची. रेघ डावीकडे तुटली, की 'घाव'चा 'धाव' होतो. भरून आली, की 'भय'चे 'मय' होते. अनुस्वार टवक्यात गेला तर शब्दच बदलतो. म्हणून जाणता अक्षरकार शिरोरेषा आणि मात्रा शाबूत ठेवतो, झीज उभ्या दांड्यांच्या कडांना देतो.

खरी झीज पाहायची तर बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला जावे. यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या काळचे, तेराव्या शतकातले शिलालेख तिथे मिळाले आहेत. दगडावरचे ते अक्षर भीती घालण्यासाठी कोरलेले नाही. देवळाची आणि दानाची नोंद टिकावी म्हणून कोरलेले आहे.

कागदाची गोष्ट अधिक जवळची. १९४८पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. त्याचे जुने दप्तर मोडीत आणि उर्दूत आहे. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत मराठवाड्याला नव्याने कळली. कोणाच्या तरी पणजोबाचे नाव त्या ओळींत होते. ते वाचणारे थोडेच उरले होते.

हल्ली मुखपृष्ठावर गूढतेसाठी मोडीचा पिवळा कागद नुसता मागे पसरतात. वॉलपोलने काळ्या टायपाचे केले तेच हे. फरक एवढाच, की त्याचे जुने पुस्तक खोटे होते. आपल्या कागदावर मात्र शेतसारा, वारस आणि जमिनीच्या हद्दी खरोखर लिहिलेल्या आहेत.