सूचना लिहिणाऱ्याचा स्वभाव

मंडळी, जुलाबावरच्या जलसंजीवनीच्या पुडीवरची सूचना कधी नीट वाचली आहे का? मोठी पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यात सबंध विरघळवायची आणि ते पाणी २४ तासांत संपवायचे. तीच पुडी पेलाभर पाण्यात कालवली, तर मीठ जास्त होऊन लेकराला अपाय होतो.

म्हणून सूचना लिहिणाऱ्याचा स्वभाव पाहावा लागतो. उतावळा ‘पाण्यात घाला’ एवढे लिहून मोकळा होईल. विद्वत्तेची हौस असलेला ‘द्रावण सिद्ध करावे’ म्हणेल. शंकेखोर पण कनवाळू माणूस मात्र विचारील, ‘घरात मापाचे भांडेच नसले तर?’ पुडीवर त्याचे नाव नसते. वाचणाऱ्याचे चुकू नये, एवढ्यासाठीच तो झटतो.

गुरुजी, मुलांकडून अशी एक सूचना लिहून घ्या आणि दुसऱ्याला त्याबरहुकूम करायला सांगा. उणीव तिथेच दिसेल.