प्रतिकारशक्ती ‘वाढवली’ की कॅन्सर पसरत नाही?

कॅन्सरचं निदान झालं की घरात दोन दिवसांत काढा उकळू लागतो. ‘प्रतिकारशक्ती कमी पडली म्हणून झालं, ती वाढवा, म्हणजे पसरणार नाही,’ असं भेटायला येणारा प्रत्येक जण सांगतो. ऐकायला पटतं. मात्र यात ‘वाढवा’ हे क्रियापदच चुकलं आहे.

मुळात प्रतिकारशक्ती स्वस्थ बसलेली नसते. गाठीतून सुटून रक्तात शिरलेल्या बहुतेक पेशी मरतातच. काही रक्ताच्या जोरदार प्रवाहात फाटतात, काहींना ‘नॅचरल किलर’ नावाच्या पांढऱ्या पेशी टिपतात. १९७० साली आयझाया फिडलर यांनी किरणोत्सर्गी खूण केलेल्या कॅन्सरपेशी उंदरांच्या शिरेत सोडल्या. दुसऱ्या दिवशी जेमतेम एखादा टक्का पेशी शिल्लक होत्या.

प्रश्न त्या उरलेल्यांचा. त्या वाचतात कशा? रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स त्यांच्याभोवती चिकटून बसतात आणि किलर पेशींना त्या दिसेनाशा होतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये तर मॅक्रोफेज या भक्षक पेशीच कॅन्सरपेशींना रक्तवाहिनीत शिरायला वाट करून देतात. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीही काही वेळा त्यांना चिकटून रक्तातून फिरतात, आणि अशा जोडीतल्या कॅन्सरपेशी अधिक जोमाने वाढतात. म्हणजे आपलीच माणसं फितूर. मग काढ्याने नेमकी कोणती पेशी वाढवायची? शिवाय ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असंही नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, हेही सांगायला हवं.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हा समज आणखी घातक, कारण त्यापायी लोक बायोप्सीच टाळतात. सुईच्या वाटेने पेशी रुजल्याची उदाहरणं आहेत, पण विरळ, आणि जिथे तो धोका असतो तिथे सर्जन आधीच वेगळा मार्ग निवडतात. तपासणीविना गेलेले महिने रोगाच्या पथ्यावर पडतात.

‘इतकी वर्षं झाली, आता मुळापासून गेला,’ हे वाक्य बऱ्याचदा खरं ठरतं. नेहमी नाही. स्कॉटलंडमध्ये एका व्यक्तीच्या मृत्यूनंतर तिच्या दोन्ही किडन्या दोघांना बसवल्या गेल्या. दात्याचा मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, १६ वर्षांपूर्वी काढलेला होता आणि बरा झाला असं मानलं गेलं होतं. पुढे दोन्ही रुग्णांना मेलॅनोमा झाला, एक दगावला. २००३ मध्ये ही हकिगत प्रसिद्ध झाली. दात्याच्या शरीराने त्या पेशी सोळा वर्षं दाबून ठेवल्या असाव्यात. नव्या शरीरात किडनी टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती औषधांनी दडपलेली होती, तिथे त्यांना रान मोकळं मिळालं.

आता इम्युनोथेरपी. हिला ‘ताकदीचं इंजेक्शन’ समजणारे खूप. टी-पेशी ही हल्ला करणारी पांढरी पेशी कॅन्सरपेशीपर्यंत पोचते, तिला चिकटते, हल्ला करणार तोच कॅन्सरपेशीवरचं पीडी-एल-१ हे प्रथिन टी-पेशीवरच्या पीडी-१ला जुळतं आणि टी-पेशी थंडावते. औषध ही जुळणी होऊ देत नाही, इतकंच. नवी ताकद येत नाही, होती ती मोकळी होते. असे अडसर दूर करून कॅन्सरवर उपचार करता येतात, या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८चं नोबेल मिळालं.

‘ही श्रीमंतांची औषधं’ हे अजून बरंचसं खरं आहे. तरी टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोके-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरमध्ये निवोलुमॅब हे असंच पीडी-१ अडवणारं औषध अवघं २० मिलिग्रॅम, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, तोंडी औषधांच्या जोडीला दिलं. नुसत्या तोंडी औषधांच्या तुलनेत वर्षअखेर हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३वर गेलं. निम्म्याहून अधिक तरीही वाचले नाहीत. चमत्काराच्या जाहिराती हा आकडा सांगत नाहीत.

मोकळी झालेली टी-पेशी कधी स्वतःच्या आतड्यावर, फुप्फुसावर किंवा थायरॉइडवरही उलटते. इम्युनोथेरपी चालू असताना जुलाब लागले, दम लागला किंवा सुका खोकला सुरू झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. आणि काढा घेत असाल तर तोही सांगा.