ओळख देणाऱ्याची सही

बँकेत खाते उघडण्याच्या जुन्या अर्जावर खाली एक चौकट असे. ओळख देणाऱ्याचे नाव, त्याचा खाते क्रमांक आणि सही. ज्याचे आधीपासून खाते आहे अशा कोणीतरी, 'मी अर्जदाराला अमुक इतक्या काळापासून ओळखतो' असे लिहून द्यायचे. त्याशिवाय पासबुक मिळत नसे. पैसे तुमचे, नाव तुमचे, चिकटवलेला फोटोही तुमचाच. पण तुम्ही म्हणजे तुम्हीच, हे दुसऱ्या कोणी सांगितल्याशिवाय बँकेचा विश्वास बसत नसे.

१९८४ साली माझी परभणीला बदली झाली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. नवा अधिकारी, नियमांचे पुस्तक जवळजवळ पाठ. एके दिवशी दुपारी, रोखीचा व्यवहार बंद व्हायच्या घाईत, एक सडपातळ मुलगा समोर उभा राहिला. विदर्भातल्या कुठल्याशा खेड्यातून कृषी विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी आलेला. विद्यावेतनाचा चेक हातात. अर्ज नीट भरलेला, फक्त ती चौकट कोरी.

"साहेब, इथं मला कोणीच ओळखत नाही," तो म्हणाला.

"मग कोणाची तरी ओळख काढा," मी म्हणालो आणि पुढचे व्हाउचर ओढले.

तीन-चार दिवसांनी तो परत आला. चौकट भरलेली होती. विद्यापीठाच्या गेटसमोर चहाचा गाडा लावणारे एक मामा आमचे खातेदार होते. त्यांनी वळणदार सही केली होती. 'किती काळापासून ओळखता' या रकान्यात त्यांनी लिहिले होते, 'पाच महिने, रोज दोन चहा.' मी हसलो आणि खाते उघडून दिले. ती नोंद मला आजही लख्ख आठवते, आणि तिच्याबरोबर दुसरेही काही आठवते. पण ते शेवटी सांगतो.

हे सगळे आठवायचे कारण असे घडले. गेल्या हिवाळ्यात परभणीतल्या काही तरुणांनी मला एका कार्यक्रमाला बोलावले. निमंत्रणावर 'नेटवर्किंग मीट' असे लिहिले होते. गावातल्या तरुण व्यावसायिकांनी एकत्र यावे, एकमेकांच्या कामाला यावे, असा हेतू. पाहुणा म्हणून मीच का, असे विचारले तर संयोजक म्हणाला, "काका, तुम्ही बँकेतही होता आणि कादंबऱ्याही लिहिता. दोन्हीकडची माणसं तुमच्या ओळखीची." हा युक्तिवाद मला आवडला, म्हणून गेलो.

वसमत रस्त्यावरच्या एका हॉटेलात संध्याकाळी साडेसहाची वेळ. चाळीसेक मंडळी. सनदी लेखापाल, दोन दंतवैद्य, एक वास्तुविशारद, खते-बियाण्यांचा एक दुकानदार, विमावाले, वकील, आणि करोनाच्या साथीत पुण्याहून घरी आलेला व इथूनच काम करत राहिलेला एक संगणक अभियंता. प्रत्येकाने एका मिनिटात आपली ओळख सांगायची. घड्याळ लावून एकजण बसलेला. मग कार्डे फिरली, मोबाईलवर मोबाईल धरून नंबर घेतले गेले, समोसे आले. उत्साह खोटा नव्हता. परभणीची पोरे इतक्या सफाईने उभी राहून बोलतात याचे मला कौतुकच वाटले.

पण अर्ध्या तासात एक गोष्ट ध्यानात आली. समोशाच्या टेबलाभोवती जे घोळके झाले, ते आधीचेच होते. एका शाळेच्या एका तुकडीतले एकीकडे, एका समाजाचे दुसरीकडे, मोंढ्यातल्या दुकानदारांची मुले तिसरीकडे. ज्यांची ओळख आधीपासून होती त्यांनीच एकमेकांना कार्डे दिली होती. भिंतीपाशी दोघे मात्र एकटे उभे होते.

एक होता बिहारमधला तरुण बँक अधिकारी. मी त्याच जातकुळीतला म्हणून त्याच्याशी बोललो. परभणीत येऊन त्याला दोन वर्षे झाली होती. "सर, ब्रँच के बाहर मुझे दोही लोग जानते हैं," तो म्हणाला, "मेसवाला और मकानमालिक." दुसरी होती पूर्णा तालुक्यातल्या एका खेड्यातली मुलगी. कृषी अभियांत्रिकी शिकलेली. सोयाबीन आणि तुरीवर प्रक्रिया करण्याचा छोटा उद्योग तिला काढायचा होता. जागा भाड्याने बघायला गेली की मालक यंत्राचे विचारत नसे, भाड्याचेही विचारत नसे. पहिला प्रश्न, "तू कोणाची?" वडील अल्पभूधारक, गावाबाहेर कोणाच्या परिचयाचे नाहीत. त्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नव्हते. सव्वासातला ती निघाली, कारण गावाकडची गाडी चुकली असती. जेवण आणि गप्पा, म्हणजे खरा कार्यक्रम, त्यानंतर होता.

त्या रात्री घरी येऊन मी विचार करत बसलो. आपल्या या गावाला माणसे जोडणे येत नाही असे म्हणायची सोय नाही. 'जगात जर्मनी अन् भारतात परभणी' असे आपण गमतीने म्हणतो, पण भेटीगाठींच्या बाबतीत या मातीचा इतिहास गमतीचा नाही. निजामाच्या राज्यात जाहीर सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. 'गश्ती निशान ५३' या हुकुमाचे नाव जुन्या माणसांच्या तोंडी असे. सभा नाही तर मग वाचनालय, कीर्तन, साहित्याची बैठक अशा वाटांनी लोक भेटत राहिले. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूरला भरले, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यातच होते, आणि अध्यक्ष होते परभणीचे गोविंदराव नानल. बांधकाम खात्यात कारकुनी करणारे बी. रघुनाथ इथे कविता आणि कादंबऱ्या लिहीत होते. १९५३ साली अवघ्या चाळिशीत ते गेले. आज त्यांच्या नावाचे सभागृह गावात आहे. कारकून, वकील, शिक्षक, व्यापारी अशी निरनिराळ्या धंद्यांची माणसे एका सतरंजीवर बसत, ती काही कार्डे वाटण्यासाठी नव्हे. पण कोणाच्या मुलाला नोकरी हवी आहे, कोणाला वकील हवा आहे, हे त्याच सतरंजीवर कळत असे.

पुढे गाव बदलले. १९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शाखा वाढू लागल्या. १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ इथे आले. परगावच्या पगारदारांची एक नवीच वस्ती गावात तयार झाली. प्राध्यापक, संशोधक, आमच्यासारखे बदलीचे अधिकारी. १९९५ साली नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली इथे साहित्य संमेलन झाले. असा एखादा सोहळा असला की मूळचे आणि बाहेरचे एकत्र येत. तो उलगडला की पुन्हा आपापल्या कॉलनीत.

आता 'नेटवर्किंग'च्या मूळ कल्पनेकडे बघू. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघांना जमवले. एक कोळशाचा व्यापारी, एक खाण अभियंता, एक कपडे शिवणारा. हॅरिस स्वतः छोट्या गावातून त्या अफाट शहरात आलेला, एकटा पडलेला. ते आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटत, म्हणून नाव पडले रोटरी. सुरुवातीचा नियम मोठा शहाणा होता : एका धंद्याचा एकच सभासद. म्हणजे प्रत्येकाला आपल्याहून वेगळ्याच माणसाशेजारी बसणे भाग. तिथेही खोट होतीच. बायकांना रोटरीचे दार सर्वत्र उघडायला १९८९ साल उजाडावे लागले. जेसीजची सुरुवात १९१५ साली अमेरिकेतल्याच सेंट लुईसला झाली, तरुणांसाठी. तिथे चाळिशीची मर्यादा. आपल्याकडे माधवराव भिडे या अभियंत्याने २००० साली मराठी उद्योजकांसाठी सॅटर्डे क्लब काढला, कारण मराठी माणूस धंद्यात एकमेकांचे नाव सुचवत नाही, ही जुनी खंत.

या सगळ्यांमागचे मर्म एका समाजशास्त्रज्ञाने आकड्यांत मांडले आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर याने बॉस्टनजवळच्या एका उपनगरात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारले, की ज्याने ही खबर दिली तो तुम्हांला कितपत भेटत असे? नेहमी भेटणारे निघाले जेमतेम सतरा टक्के. अधूनमधून भेटणारे छप्पन्न टक्के, आणि क्वचितच भेटणारे अठ्ठावीस टक्के. १९७३ साली हे प्रसिद्ध झाले. कारण साधे आहे. जिवलग मित्राला जे माहीत असते ते आपल्याला आधीच माहीत असते. नवी खबर आणतो तो दूरचा ओळखीचा. दुसऱ्या गल्लीतला, दुसऱ्या धंद्यातला, दुसऱ्या जातीतला.

छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, अशी आपली समजूत असते. मला बँकेच्या काउंटरवर तीस वर्षे बसून वेगळे दिसले. छोट्या गावात प्रत्येकजण आपापल्या लोकांना फार चांगले ओळखतो. समाजाचे मेळावे, शाळेच्या तुकडीचे ग्रुप, महिन्याची भिशी. यांतली भिशी मला सर्वांत प्रामाणिक वाटते. पैसे कोणी बुडवायचे नाहीत, आणि बुडवणाऱ्याला सगळे घर ओळखतात, या एकाच जामिनावर ती चालते. कर्ज मंजूर करताना आम्ही कागद मागत असू, पण जामीनदार म्हणून सही करायला कोण पुढे येते हेच मनातल्या मनात मोजत असू. ज्याला घरच्या गोतावळ्याबाहेर जामीनदार मिळत नसे, अशी हुशार पोरे मी परत जाताना पाहिली आहेत. त्यांतली काही पुण्याच्या गाडीत बसली ती बसलीच. गाव सोडण्याचे कारण विचारले की ती 'इथं स्कोप नाही' म्हणतात. त्या वाक्याचा अर्धा अर्थ असा असतो, की इथे माझ्यासाठी सही करणारा कोणी नाही.

दुसऱ्या महिन्यात त्या तरुणांनी मला पुन्हा बोलावले, तेव्हा मी त्यांना तीन-चार गोष्टी सुचवल्या. सल्ला देणे हा निवृत्ताचा धंदाच आहे. म्हटले, हॉटेल सोडा, वाचनालयात किंवा एखाद्याच्या आखाड्यावर भेटा, म्हणजे पाचशे रुपये भरणे ज्याला जड जाते तोही येईल. संध्याकाळ सोडा, रविवारची सकाळ धरा, म्हणजे मुली येतील आणि परतीची गाडीही मिळेल. आणि मुख्य म्हणजे, कोणी स्वतःची ओळख स्वतः सांगायची नाही. प्रत्येकाने आपल्या धंद्याबाहेरचा, आपल्या गोतातला नसलेला एकजण बरोबर आणायचा आणि त्याच्याविषयी बोलायचे.

"काका, दुसऱ्याबद्दल काय बोलणार? आपल्याला माहिती तर पाहिजे," एकजण म्हणाला.

"तेच तर," मी म्हणालो.

जानेवारीत एका शेतावर हुरड्याच्या निमित्ताने जमायचे ठरले. आगटीभोवती सतरा माणसे होती, म्हणजे हॉटेलातल्या निम्मीही नाहीत. विमावाले आले नव्हते. गुळभेंडीचा हुरडा, तिळाची चटणी, गूळ, दही. वास्तुविशारदाने त्या बिहारी अधिकाऱ्याला आणले होते आणि त्याच्याविषयी बोलण्यासाठी आधी चार दिवस तो त्याच्याबरोबर मेसला जेवला होता. "हा बासरी वाजवतो, आणि मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलायचा प्रयत्न करतो," एवढेच त्याने सांगितले. पूर्णेच्या मुलीला आणले होते खते-बियाणेवाल्याने. तिच्या यंत्राची क्षमता, तासाला किती डाळ निघते, तूट किती, हे त्याने तिच्याकडून पाठ करून घेतले होते. मध्येच चुकला तेव्हा तिने दुरुस्त केले आणि सगळे हसले. तिथेच त्या बँक अधिकाऱ्याने प्रक्रिया उद्योगाच्या सरकारी योजनेत अर्ज कसा करायचा, प्रकल्प अहवालात काय लागते, हे तिला समजावले. एका वकिलाने भाड्याच्या कराराचा मसुदा करून द्यायचे कबूल केले. जागेच्या मालकाकडे खते-बियाणेवाला स्वतः गेला. 'तू कोणाची?' या प्रश्नाला उत्तर मिळाले होते : 'आमच्या ओळखीची.'

हे सांगताना मला कोणताही चमत्कार सुचवायचा नाही. मार्चच्या बैठकीला अकराच जण होते. परीक्षा, लग्नसराई, ऊन. दोघांनी तर सरळ सांगितले, की असे हुरडा खात बसून आमचा धंदा वाढत नाही, आम्हांला हॉटेलच बरे. त्यांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. ज्याला महिन्याचा हप्ता भरायचा आहे त्याला गिऱ्हाईक आज हवे असते. ओळखीचे पीक एका हंगामात येत नाही. मुलीचे कर्ज अजून मंजूर व्हायचे आहे. त्या अधिकाऱ्याची बदली कधीही होईल. पण जाताना तो गावातली दोन नव्हे, पंधरा-वीस माणसे मागे ठेवून जाईल.

आता बँकेच्या अर्जावर ती चौकट राहिलेली नाही. आधार आले, पॅन आले, अंगठा टेकवला की खाते उघडते. हे चांगलेच झाले. कोणा गरिबाला ओळखीअभावी परत जावे लागत नाही. मात्र घर भाड्याने घेताना, उधारीवर माल उचलताना, पहिले गिऱ्हाईक मिळवताना ती चौकट तशीच आहे, आणि ती कोणतेही यंत्र भरून देत नाही.

शेवटी जे सांगायचे राहिले होते ते. त्या मुलाचा अर्ज मी परत केला, तेव्हा माझेही त्याच शाखेत खाते होते. पाच मिनिटे बाहेर जाऊन त्याच्याबरोबर चहा घेतला असता, विद्यापीठात एखादी चौकशी केली असती, तर ती सही मलाही करता आली असती. नियम आड येत नव्हता. मला सुचलेच नाही. परभणीत तेव्हा मलाही कोणी ओळखत नव्हते, आणि आपल्यासारखाच एक माणूस समोर उभा आहे हे मला दिसले नाही. चहावाल्या मामांना मात्र ते पाच महिन्यांत, रोज दोन चहांत दिसले होते.