नवजात शिशूचा पहिला प्रवास : समज, गैरसमज आणि वैद्यांचे कर्तव्य

सूतिकेच्या आहारविहाराविषयी आपल्या चिकित्सालयांत फार बारकाईने बोलले जाते. दशमूलारिष्ट केव्हा सुरू करावे, अभ्यंगास कोणते तेल घ्यावे, शेकशेगडी किती दिवस करावी, डिंक-अळिवाचे लाडू कोणास मानवतात, हे प्रश्न गर्भिणी आठव्या महिन्यातच विचारू लागते. मात्र प्रसूतिगृहाच्या पायरीपासून घराच्या उंबरठ्यापर्यंतच्या प्रवासाविषयी कोणी विचारीत नाही आणि आपणही सांगत नाही. परिणामी हा प्रवास ऐकीव समजुतींवर सोपविला जातो. त्यांतील एका समजुतीस तर थेट आयुर्वेदाचा आधार दिला जातो. म्हणूनच हा विषय वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि औषध विक्रेत्यांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

‘आईची मांडी सर्वांत सुरक्षित’

घरात हे खरे आहे. धावत्या मोटारीत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर ३ किलो वजनाच्या बाळाला धरून ठेवण्यास सरासरी ४० किलोहून अधिक भार पेलण्याइतके बळ लागते. क्षणिक भार याहूनही मोठा असतो. प्रसूतीने थकलेल्या, कदाचित पोटावर टाके असलेल्या मातेकडून ही अपेक्षा कशी करावी? एकच सीट बेल्ट आई आणि बाळ या दोघांभोवती घेणे हा तर अधिकच घातक प्रकार होय. धडकेच्या क्षणी आईच्या शरीराचा सारा भार बाळावर येऊन ते पट्ट्यात चेंगरते. पुढील आसनावर उघडणारी एअरबॅगही तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकते.

‘घर जवळच आहे, गाडी हळू नेऊ’

ताशी ३० किलोमीटर हा वेग आपल्याला संथ वाटतो. त्या वेगाने होणारी धडक मात्र सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून, म्हणजे पहिल्या मजल्याच्या सज्जातून, खाली पडण्याइतकी असते. शिवाय आपण हळू गेलो तरी समोरचे वाहन हळू येईलच असे नाही.

‘तान्ह्या बाळास बसवू नये, कुबड येते’

हा आक्षेप आपल्याच क्षेत्रातून येतो, म्हणून त्याचा विचार सविस्तर केला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहाव्या अध्यायात बालकास कसे हाताळावे याचे नियम आहेत. त्यास अंगाला सुखावह होईल असे धरावे, एकाएकी ओढू वा उचलू नये आणि कौब्ज्याच्या भयास्तव बसवू नये, असा त्यांचा आशय आहे. यांतील शेवटचा नियम पुढे करून कार सीट वर्ज्य ठरविली जाते.

येथे बसविणे म्हणजे काय, हे नीट पाहावे. ज्याची मान अद्याप सावरलेली नाही अशा बाळास ताठ बसविले, तर डोक्याचा भार कण्यावर पडतो. निषेध आहे तो याचा. नवजातासाठी असलेली कार सीट मागे तोंड करून, तिरकी अशी लावावयाची असते. तीत बाळ अर्धवट पहुडलेले असते आणि त्याची पाठ, मान व डोके या सर्वांस मागून आधार असतो. नवजाताचे डोके शरीराच्या लांबीच्या जवळजवळ एक चतुर्थांश असते. तोंड पुढे असेल, तर धडकेत ते डोके पुढे फेकले जाऊन मानेस हिसका बसतो. तोंड मागे असेल, तर तोच आघात संपूर्ण पाठीवर विभागला जातो. बाळास हिसका बसू न देण्याचा जो नियम त्याच अध्यायात आहे, त्याचे पालन धावत्या वाहनात याच साधनाने होते. संहिताकारांना मोटारींचे ज्ञान होते असा आमचा दावा नाही. परंतु त्यांच्या नावावर बाळास असुरक्षित ठेवणे शास्त्रास धरून नाही.

या आक्षेपात सत्याचा एक अंशही आहे. तिरक्या आसनात फार वेळ ठेवल्यास बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग अरुंद होऊ शकतो. त्यावर उपाय आहे तो मर्यादित वापराचा. साधन टाकून देण्याचा नव्हे.

‘हे सारे परदेशातले’

अमेरिकेत टेनेसी राज्याचा याविषयीचा पहिला कायदा १९७८ च्या आरंभी अमलात आला आणि १९८५ पर्यंत तेथील सर्व राज्यांत असे कायदे झाले. योग्य आसनामुळे प्रवासी मोटारींतील एक वर्षाखालील शिशूंच्या मृत्यूचा धोका सुमारे ७१ टक्क्यांनी घटतो, असा तेथील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा अंदाज आहे. आपल्याकडेही २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन अधिनियमात कलम १९४ ब आले. चौदा वर्षांखालील मुलास सीट बेल्ट वा बालसुरक्षा आसनाविना वाहनातून नेल्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद त्यात आहे. अशा आसनांसाठी एआयएस-०७२ हे भारतीय वाहन मानकही आहे.

लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणारे आजी-आजोबा निघण्यापूर्वी आपल्याकडे औषधांसाठी येतात. ‘रुग्णालयातील परिचारिका सीट बसवून देतील’ या भरवशावर राहू नका, एवढे त्यांस अवश्य सांगावे. सीट गाडीत आधीच बसवून, पट्टे लावण्याचा सराव करून ठेवणे हे कुटुंबाचेच काम आहे.

काय सांगावे?

१. सीट मागील आसनावर, बाळाचे तोंड गाडीच्या मागील बाजूस येईल अशी लावावी. एअरबॅग चालू असलेल्या पुढील आसनावर ती कधीही ठेवू नये.

२. खांद्यावरील पट्टे बाळाच्या खांद्याच्या पातळीवर वा किंचित खालून यावेत आणि अंगास लागून असावेत. खांद्यावर पट्ट्याची चिमूट धरता येत असेल, तर तो सैल आहे असे समजावे.

३. बाळास दुपट्यात गुंडाळून पट्टे लावू नयेत. साधे झबले घालून आधी पट्टे लावावेत, मग वरून दुपटे घालावे. तोंड व नाक उघडे ठेवावे.

४. मोहरीची उशी अथवा बाजारात सुटी मिळणारी गादी सीटमध्ये ठेवू नये. तिने डोके पुढे ढकलले जाते आणि पट्टे सैल राहतात.

५. शेजारी एक मोठी व्यक्ती बसावी आणि हनुवटी छातीवर टेकत नाही ना, याकडे तिने लक्ष ठेवावे. लांबच्या प्रवासात वारंवार थांबून बाळास बाहेर काढावे. घरी पोहोचताच सपाट अंथरुणावर पाठीवर निजवावे; सीटचा पाळणा करू नये.

६. अकाली जन्मलेल्या वा अल्पवजनी बाळाविषयी घरी सोडण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

७. अपघातातून गेलेली वा पूर्वेतिहास ठाऊक नसलेली जुनी सीट घेऊ नये.

सुश्रुतांनी सूतिकाकाल दीड महिन्याचा सांगितला आहे. त्या काळात माहेरी जाण्याचा लांबचा प्रवास टाळता येत असेल, तर तो टाळावा हेच उत्तम.

ज्यांच्याकडे मोटार नाही

आपल्या रुग्णांपैकी अनेकांना कार सीट परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. शासकीय रुग्णालयातील प्रसूतीनंतर मातेस व बाळास घरी विनामूल्य पोहोचविण्याची सोय २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आहे. तिची माहिती द्यावी. नवजातास दुचाकीवरून नेऊ नये, हे निःसंदिग्धपणे सांगावे. भाड्याच्या मोटारीतून सीटशिवाय जाणे अटळच असेल, तर आईने मागील आसनावर बसून स्वतः बेल्ट लावावा, मात्र तो बाळावरून घेऊ नये. याने धोका थोडा कमी होतो. नाहीसा होत नाही.

आपल्या शब्दावर घरातील ज्येष्ठ मंडळींचा विश्वास असतो. डॉक्टरांनी सांगितलेली सीट ‘आमच्या वैद्यांनी नको म्हटले’ म्हणून माळ्यावर जाऊ नये, ही जबाबदारी त्या विश्वासाबरोबरच येते. गर्भिणीच्या आठव्या महिन्याच्या तपासणीत एक प्रश्न वाढवावा : ‘बाळास घरी कसे नेणार?’ औषध विक्रेत्यांनी बाळगुटी व बाळतेलाच्या फडताळाशेजारी वरील सात सूचनांचा फलक लावावा. या दोन्ही गोष्टींस खर्च जवळजवळ नाही. पुढील अंक हाती येण्यापूर्वी आपल्यापैकी प्रत्येकाने एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.