टेनरची जवारी

आमच्या घरी पेटी आहे, तबला आहे आणि गेली 3 वर्षं भाड्याने आणलेला एक टेनर सॅक्सोफोनही आहे. न्यू जर्सीतल्या आमच्या शाळेत बँड हा फावल्या वेळचा छंद नाही, वेळापत्रकातला विषय आहे. सहावीत सगळ्या मैत्रिणी बासरी नाहीतर क्लॅरिनेट उचलत असताना लेकीने हे पितळी धूड पसंत केलं. आता ती नववीत आहे. सप्टेंबरात बँडच्या सरांचा निरोप आला : वाद्य चांगलं आहे, माउथपीस बदला.

मी तो लगेच बदलला आणि फसलो. माझ्या कानात सॅक्सोफोन म्हणजे मनोहारी सिंग, 'रूप तेरा मस्ताना'मधली ती कानाशी कुजबुजणारी घोगरी फुंक. तो आवाज डोक्यात ठेवून मी चकचकीत धातूचा माउथपीस ऑनलाइन मागवला. आठवड्याभरात पोरीचा खालचा ओठ सोलवटला. "बाबा, हा वाजत नाही, नुसता ओरडतो," ती म्हणाली. तिला शाळेत वाजवायचं होतं ते वीसेक क्लॅरिनेट आणि फ्रेंच हॉर्नच्या घोळक्यात मिसळून जाणारं संगीत. मी आणून दिला होता गर्दीतून वाट काढणारा जॅझचा भोंगा.

मग नीट समजून घ्यायला बसलो, आणि मदतीला आला तंबोरा. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला पुसटसा उतार असतो. तार त्या उताराला निसटती शिवते म्हणून सूर झंकारतो. जवारी काढणारा कारागीर तो माथा केसभर घासतो आणि तंबोऱ्याचा स्वभाव पालटतो. माउथपीसमध्येही असाच उतार आहे. वेताची पत्ती, म्हणजे रीड, खालच्या सपाट पाटावर घट्ट बांधलेली असते. टोकाकडे माउथपीस तिच्यापासून हळूहळू दूर वळतो. फुंकर गेली की पत्ती त्या वळणावर लोळते, फट मिटते, उघडते, सेकंदाला शेकडो वेळा. टोकाशी ही फट किती, यावर निम्मा खेळ. अभिजात वादनाच्या टेनर माउथपीसची फट साधारण पावणेदोन ते दोन मिलिमीटर असते. जॅझवाले अडीच-पावणेतीनपर्यंत जातात. मोठ्या फटीला मऊ पत्ती आणि कसलेला ओठ लागतो. ओठ कच्चा असला की मूल चावायला लागतं, आणि चावलं की सूर चढतो.

उरलेला खेळ पोटातला. टोकाच्या आत माउथपीसची टाळू असते, तिला बॅफल म्हणतात. टाळू उंच आणि पोकळी अरुंद असेल तर आवाज धारदार होतो. टाळू खोल आणि पोकळी ऐसपैस असेल तर गोल, दबका. अडॉल्फ साक्सने 1846 मध्ये पॅरिसला सॅक्सोफोनचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्या माउथपीसची पोकळी चांगली मोठी आणि गोलाकार होती. पुढे नाचाच्या बँडना ट्रम्पेटच्या वर ऐकू जायचं होतं, तशी पोकळी आक्रसत गेली. सॅक्सोफोनवादक सिगर्ड रॅशर मात्र जन्मभर जुन्या, मोठ्या पोटाच्या घडणीसाठी भांडत राहिला. पॅरिसचा वादक मार्सेल म्यूल याच्या परंपरेने वेगळी वाट धरली, आणि आज दुकानात जे 'क्लासिकल' म्हणून मिळतं ते बहुतेक तिच्याच वळणाचं. टेनरला ऑल्टो सॅक्सोफोनइतकं साहित्य नाही हे खरं. पण रॅव्हेलच्या 1928 च्या 'बोलेरो'तला एकल तुकडा ऐकावा, प्रोकोफिएव्हचं 'लेफ्टनंट किजे' ऐकावं. वाद्याचा धीरगंभीर गळा तिथे कळतो.

विद्यार्थ्याने विचारात घ्यावीत अशी नावं फार नाहीत. यामाहाचा 4सी हा पहिल्या पायरीचा दगड. फट सुमारे 1.7 मिलिमीटर, किंमत आवाक्यात, आणि नग बहुधा एकसारखे. माझं मत विचाराल तर शिकण्याच्या पहिल्या 2 वर्षांत मुलाला याहून महाग काही देऊ नये. त्यापुढे सेल्मरचा एस80 सी-स्टार, किंवा व्हँडोरेनच्या ऑप्टिमम मालिकेतला टीएल3. सी-स्टारची आतली पोकळी चौकोनी असते, आवाज नेमका आणि आटोपशीर. या दोघांना 4सीपेक्षा कितीतरी जास्त पैसे पडतात. यांपैकी बहुतेक इबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून टणक केलेल्या रबराचे. उन्हात ठेवले किंवा गरम पाण्याने धुतले की हिरवट पडतात आणि गंधकाचा वास सोडतात. थंड पाणी, मऊ फडकं, बस्स.

परीक्षा घरीच घेतली. इथली काही दुकानं 3-4 नग थोडे दिवस वापरून बघायला देतात. त्याहून जास्त मागवूच नयेत, कान आणि ओठ दोन्ही थकतात. दातांचे वण पडले तर नग गळ्यात पडतो, म्हणून वर चिकटपट्टी लावली. पहिली पारख वाद्याशिवायची : पत्ती ओली करून बांधायची, मागचं भोक तळहाताने दाबायचं आणि हवा ओढून घ्यायची. पत्ती क्षणभर चिकटून मग 'टप्प' सुटली तर पाट आणि कडा बहुधा सरळ. दुसरी पारख पेटीवर. टेनरचा नुसता माउथपीस अभिजात ओठाने फुंकला की पांढरी पाच यायला हवी, वाद्याची वाकडी मान जोडली की पांढरी तीन. आमची लेक पांढरी पाचच्या वर चढत होती. म्हणजे अजून चावत होती. हे माउथपीसने नाही, रियाजाने सुटतं.

मग खरं वादन. सगळ्यात खालचा स्वर हळुवार फुंकेने, जिभेच्या धक्क्याशिवाय. तो गुरगुरला की नग बाजूला. मग सप्तकाची उडी, आणि एकच स्वर बारीक सुरू करून फुगवत नेणं. ओठ न हलवता सूर जागेवर राहतो का हे मी पाठमोरा बसून ऐकत होतो. कोणता नग कधी वाजतोय हे मला ठाऊक नव्हतं. पत्तीही बदलून पाहिली, कारण लहान फटीला अडीच नंबरची पत्ती फारच मवाळ लागत होती, तीनची बसली.

मला सी-स्टार आवडला होता. लेकीने टीएल3 ठेवला. "यात खालचे सूर घाबरत नाहीत," असं तिचं म्हणणं. सरांनी मान डोलावली, मी पैसे भरले.

जुना, वाद्यासोबत आलेला माउथपीस तिने टाकला नाही. शुक्रवारी रात्री फुटबॉलच्या मैदानावर, थंडीत, रांगेत चालत वाजवायचं असतं. तिथे ती तोच नेते. नवा घरी डबीत असतो, पेटीच्या शेजारी.