लांब पल्ल्याची सायकल : आधी अंगाचे माप, मग फ्रेम

गेल्या दिवाळीनंतर एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय 59, उंची 165 सेंटिमीटर, रक्तदाब गोळीवर आटोक्यात. डाव्या गुडघ्यात झिजेची सुरुवात आहे. जिना उतरताना वाटीच्या मागे दुखते. गुडघा दाखवून झाल्यावर त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. मला वाटले, जुने रिपोर्ट असतील. निघाली ती सायकलीच्या सुट्या भागांची यादी.

"डॉक्टर, कराडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, मग गुहागर, तवसाळच्या फेरीबोटीतून जयगड, आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं गोवा. येताना आंबोली घाट चढून कोल्हापूरमार्गे घरी. नोकरीत असताना जमलं नाही. सायकल जुळवून घेतोय. आमची ही म्हणते, आधी गुडघ्याचं विचारा."

अशा वेळी 'या वयात नको' असे म्हणणे डॉक्टरला सर्वांत सोपे असते. पण सायकल चालवताना शरीराचे बरेचसे वजन सीटवर असते आणि गुडघ्याला धक्का न बसता मांडीचे स्नायू बळकट होतात. झिजेच्या सुरुवातीला हा व्यायाम उलट उपयोगीच आहे. मात्र ती सायकल त्या माणसाच्या मापाची हवी. गुरुजींच्या यादीत चाके होती, गिअर होते, दिवे आणि आरसासुद्धा होता; स्वतःचे माप कुठेच नव्हते. फ्रेमसाठी ते पाच हजारांचा इसार देऊन बसले होते. फ्रेम होती 56 नंबरची. दुकानदाराचे म्हणणे असे, की तेवढीच शिल्लक आहे, सवलतीत मिळते आहे. सीट खाली घेऊ आणि हॅण्डलचा स्टेम आखूड लावू, म्हणजे झाले.

मी त्यांना इसार सोडून द्यायला सांगितले. गुरुजींचा चेहरा उतरला. पण या बाबतीत मी स्वतः पोळलेला आहे.

माझी दोन बोटे

काही वर्षांपूर्वी मीही अशीच हौसेने सायकल जुळवली होती. रंग आवडला म्हणून लांब फ्रेम घेतली. हॅण्डल सीटपेक्षा बरेच खाली आणि पुढे होते. चार दिवसांच्या प्रवासात अंगाचा भार तळहातांवर पडत राहिला. दुसऱ्या दिवशी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली. 'होईल बरे' म्हणून मी पुढे गेलो. पाचव्या दिवशी सकाळी शर्टाचे बटण लावता येईना. त्याच आठवड्यात एका मुलाच्या कपाळावर टाके घालायचे होते; सुई धरणाऱ्या धारकावर माझी चिमूट ठरेना. शेजारच्या डॉक्टरांना बोलवावे लागले. हात पूर्ववत व्हायला दीड महिना लागला.

मनगटाच्या करंगळीकडील बाजूला एका अरुंद बोळातून अल्नर नावाची मज्जातंतू तळहातात शिरते. हॅण्डल नेमके तिथेच दाबते. आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा, मग बोटांची ताकद जाते. हातमोजे आणि जाड गुंडाळी यांनी थोडा फरक पडतो, पण मूळ दोष बहुधा फ्रेमच्या लांबी-उंचीत असतो. तो गुंडाळीने कसा जाईल?

म्हणून सायकल जुळवताना नेहमीचा क्रम उलटा करावा. बहुतेक जण आधी चकचकीत भाग निवडतात, मग फ्रेम, आणि शेवटी अंगाला तिच्याशी जुळवून घ्यायला लावतात. आपण आधी अंगाचे माप घ्यावे. सीट, हॅण्डल आणि पायडल या तीन जागी सायकल आपल्याला टेकते. त्या तीन जागा ठरवाव्यात आणि त्यांच्या खाली बसेल अशी फ्रेम शोधावी.

भिंत, पुस्तक आणि टेप

अनवाणी, पाठ भिंतीला लावून, पावलांत वीतभर अंतर ठेवून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मधे धरून, सीटवर बसल्यासारखे वाटेपर्यंत वर दाबा. पुस्तकाच्या वरच्या कडेपाशी दुसऱ्याकडून भिंतीवर खूण करून घ्या. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे माप. गुरुजींचे भरले 77 सेंटिमीटर.

या मापाला 0.883 ने गुणले की बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते. फ्रान्सचे प्रशिक्षक सिरिल गिमार आणि त्यांचा शिष्य, 'टूर द फ्रान्स' जिंकणारा अमेरिकन ग्रेग लेमाँड यांच्यामुळे हा आकडा जगभर पोचला. गुरुजींसाठी उत्तर आले 68 सेंटिमीटर. हा आकडा सुरुवातीपुरता धरावा. खरी परीक्षा अशी : टाच पायडलवर ठेवून पायडल तळाला नेले की पाय सरळ व्हावा, आणि चवडा ठेवला की गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा बाक राहावा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. हे इतके वेळा खरे ठरते, की माझ्याकडे येणाऱ्या सायकलस्वारांना मी गुडघ्यापेक्षा आधी सीटबद्दल विचारतो.

त्याच पायाच्या मापाला 0.65 ने गुणले की आडव्या दांडीच्या पारंपरिक फ्रेमचा आकार मिळतो. 77 ला हे 50 होते. गुरुजींनी इसार दिला होता 56 ला! त्या फ्रेमवर सीट हवी तेवढी खाली आली असती, पण दांडी दोन पायांच्या मधे टेकली असती. रस्त्यात अचानक पाय टेकायची वेळ आली की काय होते ते सांगायला नको. दांडी आणि अंग यांच्यात दोन-चार सेंटिमीटर मोकळी जागा हवीच.

नंबरावरही डोळे झाकून विश्वासू नये. प्रत्येक कंपनी वेगळ्या ठिकाणाहून मोजते. हल्ली फ्रेमच्या तक्त्यात 'स्टॅक' आणि 'रीच' असे दोन आकडे देतात. स्टॅक म्हणजे बॉटम ब्रॅकेटपासून फ्रेमच्या पुढच्या आखूड नळीच्या माथ्यापर्यंतची उभी उंची, आणि रीच म्हणजे तेवढेच आडवे अंतर. पन्नाशीपुढच्या माणसाने स्टॅक जास्त आणि रीच कमी अशी फ्रेम बघावी. हॅण्डल निदान सीटच्या पातळीला येते, मान ताणत नाही आणि तळहातांवरचा भार कमी होतो. शर्यतीच्या सायकलीसारखे वाकून बसणे दिसायला छान, पण आपल्याला दिवसाचे सहा तास बसायचे आहे.

फ्रेमचा धातू कोणता घ्यावा, यावर सायकलवाले रात्र जागवतील. प्रवासासाठी मी क्रोमोली पोलाद घ्यायला सांगतो. पोलादी फ्रेमने अंगाला हादरे कमी बसतात असे म्हणतात. माझ्या मते त्यात टायरचा वाटा फार मोठा आहे. 35 ते 40 मिलिमीटर रुंदीचा टायर बेताच्या हवेवर चालवला की हात आणि पाठ दोन्ही सुखावतात. पोलादाचा खरा फायदा दुसराच. ते तुटण्याआधी बहुधा भेगेने इशारा देते आणि तालुक्याच्या गावी कसबी कारागीर ते जोडू शकतो. अॅल्युमिनियमचे तसे नाही. पोलादी फ्रेम किलोभर जड असते, हे खरे. ते किलो मी बहुतेकांना पोटावरून उतरवायला सांगतो.

फ्रेमवर कॅरिअर बसवण्याची भोके आहेत ना, हे दुकानातच बघा. ती नसली की सामान पाठीवरच्या पिशवीत जाते, आणि दहा किलोचे ओझे मान, कंबर आणि बैठकीवर दिवसभर बसते. मागची आडवी नळी, म्हणजे चेनस्टे, 43 ते 45 सेंटिमीटर असावी. आखूड असली तर टाच पिशवीला घासते आणि माणूस नकळत पाऊल वाकडे ठेवतो. ते वाकडे पाऊल गुडघ्याला भोवते.

घाट आणि गुडघा

कोकणचा किनारा नकाशावर सपाट दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येक खाडीपाशी उतार आणि पलीकडे तेवढाच उभा चढ. त्यात शेवटी आंबोली. म्हणून गिअरच्या बाबतीत मी गुरुजींना कागदावर हिशेबच मांडून दिला. गणिताचे शिक्षक, त्यांना ते आवडले.

जुन्या काळ्या सायकलीला पुढे 44 आणि मागे 18 दात धरा. पायडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे साडेपाच मीटर जाते. माणूस, सायकल आणि सामान मिळून 100 किलो, आणि चढ शंभर मीटरला सहा मीटर. या चढावर पायडलवर सरासरी 35 किलोचा जोर सतत द्यावा लागतो. पाय खाली जाताना तो याहून खूपच वाढतो, म्हणजे जवळजवळ उभे राहूनच रेटावे लागते. ताशी साडेसहा किलोमीटरने गेलात तर पाय मिनिटाला जेमतेम 20 वेळा फिरतो. आता पुढे 26 दातांचे लहान चाक आणि मागे 34 दातांचे मोठे चाक घ्या. एका फेऱ्यात सायकल 1.66 मीटर जाते. तोच चढ, तोच वेग, पण पाय मिनिटाला 65 वेळा फिरतो आणि सरासरी जोर लागतो साडेदहा किलो. मेहनत एकूण तेवढीच, फक्त ती गुडघ्याच्या वाटीवरून निघून हृदय आणि फुप्फुसांकडे जाते. त्यांना ती झेपते, वाटीला झेपत नाही.

गुरुजींच्या यादीत पुढे 50 आणि 34 अशी दोन चाके होती, मागे जास्तीत जास्त 28. शर्यतीसाठी ठीक. मी ती खोडून 48-36-26 अशी तीन चाके आणि मागे 11 ते 34 लिहिले. क्रँकची लांबीही बघावी. लहान-मध्यम चणीच्या माणसाला 170 मिलिमीटरच्या क्रँकने गुडघा वर येताना जास्त वाकवावा लागतो. 165 चा मिळाला तर उत्तम.

चाकांविषयी थोडेच सांगतो. 36 तारांची घ्या. '26 इंच' या नावाखाली आपल्याकडे दोन वेगळी मापे विकली जातात, 559 आणि 590 मिलिमीटर, आणि एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. टायरच्या कडेला कोरलेला आकडा वाचूनच पैसे द्या. ब्रेकची मूठ आपल्या बोटांना सहज पोचते का, हे स्त्रियांनी आणि लहान हाताच्या पुरुषांनी आवर्जून पाहावे.

सीटविषयी, संकोच सोडून

मऊ, जेलची, उशीसारखी सीट घेण्याचा मोह सर्वांना होतो. तासाभराच्या फेरीला ती बरी. लांबच्या प्रवासात बैठकीची दोन हाडे त्या उशीत रुततात आणि मधला मऊ भाग वर येऊन नाजूक जागी दाबतो. तिथून प्युडेंडल मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या जातात. पुरुषांना लिंगाच्या जागी बधिरपणा येतो, स्त्रियांना सूज आणि जखमा होतात. दोघेही लाजेने सांगत नाहीत. बधिरपणा आला की त्याच दिवशी सीट बदलायला किंवा तिचे नाक किंचित खाली करायला हवे, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी पायडलवर उभे राहून रक्त वाहू द्यायला हवे. सायकल बंद करूनही बधिरपणा राहिला तर डॉक्टरांना भेटावे.

सीटची रुंदी घरीच ठरते. कडक स्टुलावर खोक्याचा नालीदार पुठ्ठा ठेवून त्यावर मिनिटभर बसा, पावले जरा उचला. दोन खळगे उमटतात. त्यांच्या मध्यांतील अंतर मोजून त्यात दोन ते अडीच सेंटिमीटर मिळवा. स्त्रियांची ही हाडे सर्वसाधारणपणे अधिक लांब असतात, त्यामुळे नवऱ्याची सीट बायकोला चालेलच असे नाही. ब्रुक्सची बी-17 ही चामड्याची सीट जुन्या प्रवाशांची आवडती. ती हळूहळू बसणाऱ्याच्या अंगाचा आकार घेते. मात्र कोकणच्या पावसात ती झाकून ठेवावी लागते, आणि नव्या सीटवर पहिले काही आठवडे शिव्याच तोंडी येतात.

गुरुजींचा इसार पूर्ण बुडाला नाही. दुकानदाराने तो चाके आणि क्रँकमध्ये वळता करून घेतला. 50 ची पोलादी फ्रेम दुसरीकडून आली. जानेवारीत त्यांनी निम्म्या सामानासह कराड-पाटण-कराड अशी चाचणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सायकलीसह दवाखान्यात आले. गुडघा दुखला नव्हता. करंगळीला मात्र शेवटच्या तासात मुंग्या आल्या होत्या. दवाखान्याच्या पायरीशी मिस्त्रीला बोलावून आम्ही हॅण्डल दोन सेंटिमीटर वर घेतले आणि किंचित जवळ आणले. दोन आठवड्यांनी पुन्हा तेवढेच अंतर चालवून हात दाखवायला सांगितले आहे. तोवर गोव्याची तारीख ठरवायची नाही, असे त्यांनी घरी कबूल केले आहे.